यशू पाणी प्यायली त्या दिवशी

दोन वर्षांच्या मुलीला घेऊन निघालेल्या बाईला रस्त्यातला प्रत्येक माणूस सल्ला देतो. कानाला टोपी घाला. टोपी काढा, घामेजली आहे. काजळ का नाही लावलं? अजून अंगावर पाजता? अजून नीट बोलत कशी नाही? नाशिकहून नागपूरला जाताना समोरच्या बाकावर एक बाई होत्या. मनमाड यायच्या आत त्यांनी यशूचं वजन, दात, शी आणि माझी नोकरी एवढ्या सगळ्या विषयांवर मत देऊन टाकलं. मी हसून ऐकत होते. मूल झाल्यापासून मी फार हसते; त्यानं बोलणं लवकर संपतं. जळगावच्या आसपास त्यांनी डबा उघडला, यशूच्या हातावर लाडू ठेवला आणि विचारलं, "आडनाव काय म्हणालात तुमचं?" मी म्हणाले नव्हते. मग सांगितलं. "हो का," म्हणाल्या, डबा बंद केला, आणि त्यांना एकदम झोप आली. त्यानंतर नागपूरपर्यंत एकही सल्ला मिळाला नाही.

नितीन वरच्या बर्थवर झोपला होता. उठल्यावर हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दमल्या असतील." नितीन माझा नवरा. तो नेहमी असंच काहीतरी म्हणतो. आम्ही दोघंही नाशिकला शिकवतो, मी कॉलेजात भौतिकशास्त्र आणि तो शाळेत गणित. घर भाड्यानं बघायला गेलो की आडनाव ऐकल्यावर फ्लॅट कालच गेलेला असतो, तेव्हाही तो म्हणतो, "गेला असेल." मला त्याच्या या शांतपणाचा राग येतो. पण हा प्रवास त्याच्या घरचा होता म्हणून मी ठरवलं होतं की चार दिवस रागवायचं नाही. यशू चार महिन्यांची असताना शेवटची पांढुर्ण्याला गेली होती. आता ती पळते, भांडते, आणि प्रत्येक गोष्टीला "मी मी" म्हणते. चमचा मी मी. चप्पल मी मी. गाडीचं दार मी मी. आजी-आजोबांनी हे सगळं फक्त फोनवर पाहिलं होतं.

पांढुर्णा

नागपूरला गाडी बदलली आणि नितीनची भाषाही बदलली. नाशिकला "का" म्हणणारा माणूस काटोल यायच्या आत "काऊन" म्हणायला लागला. नरखेड मागे पडलं, मध्य प्रदेश लागला, आणि स्टेशनावरच्या फलाटावर सासरे उभे दिसले. त्यांना मी बाबाच म्हणते. पांढरा शर्ट, पँट इस्त्रीची, पायात नवे बूट. नात येणार म्हणून बूट घेतले होते. यशूनं त्यांच्याकडे बघून आधी भोकाड पसरलं आणि मग पाच मिनिटांनी त्यांच्या खांद्यावर चढून बसली. तिथून पुढचे दोन दिवस ती खाली उतरलीच नाही म्हटलं तरी चालेल.

पांढुर्ण्यात दुकानांच्या पाट्या हिंदीत आहेत आणि भांडणं मराठीत. आता गाव जिल्ह्याचं झालं आहे, त्यामुळे पाट्या नव्या आहेत, भांडणं जुनीच. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात वॉलमन होते. कोणत्या मोहल्ल्याला किती वाजता पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात असायचं. उन्हाळ्यात बाया घागरी घेऊन त्यांच्याशी भांडायला यायच्या आणि पाणी आलं की घागरी घेऊनच आशीर्वाद द्यायच्या, असं ते सांगतात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रस्त्यानं चालताना लोक थांबवतात. "वॉलमन बाबू, नात काय?" बाबा थांबत, यशूला पुढं करत, आणि ती कोणाला "नको" म्हणाली, कोणाला "ता-ता" केलं, याचा हिशेब घरी येऊन आईंना देत.

आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, स्वयंपाक हा आमच्या नाशिकच्या घरात दोन दोन महिने बोलायचा विषय असतो. त्या दिवसांत तुरीच्या हिरव्या शेंगा आलेल्या. त्यांनी दाण्यांची आमटी केली होती, भाजलेल्या वांग्यांचं भरीत, आणि ज्वारीच्या पातळ भाकऱ्या. नाशिकला केळं आणि दूधभात सोडून कशालाही तोंड न लावणारी यशू भरितात बोटं घालून चाटत बसली. "तिखट नाई लागून राहिलं का तिले?" आईंनी विचारलं. नाकातून पाणी येत होतं, पण "मी मी" म्हणून ती वाटी सोडेना. संध्याकाळी बाबा वंदना म्हणायला बसले तेव्हा त्यांच्या शेजारी हात जोडून बसली, आणि मधेच उठून मेणबत्ती फुंकली. आई तोंडाला पदर लावून हसल्या. असे दोन दिवस गेले. मी खरंच रागावले नाही.

तिसऱ्या दिवशी मोहगावला जायचं होतं. तिथं बाबांचे मित्र दामूकाका राहतात. त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि बाबांना नात त्यांना दाखवायची होती. आदल्या दिवसापासून तोच विषय. "दामू तिले झाडावरचं संत्रं तोडू देईल पाह्य." आईंनी सांगितलं की त्या येणार नाहीत, गुडघे दुखतात. मला वाटलं, दुखत असतील.

मोहगाव

भाड्याची गाडी केली. सौंसरकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांच्या कमरेला ओट्या बांधलेल्या, आणि पलीकडे सातपुड्याच्या निळसर टेकड्या. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, जामसावळीला दर्शनाला जायचं का. बाबा म्हणाले, "नाई बाप्पा, आमी दोस्ताकडे चाललो." यशूनं अर्ध्या वाटेत नितीनच्या शर्टावर सकाळचं सगळं दूध ओकून टाकलं. रस्त्याकडेच्या हातपंपावर तो शर्ट धुतला आणि तो बिचारा बनियनवर बसून पुढं आला. दामूकाकांच्या फाटकातून आत शिरताना नितीन बनियनवर, यशू फक्त चड्डीवर, आणि माझ्या साडीला आंबूस वास, अशी आमची वरात होती.

"आला का बे सुख्या," म्हणत एक उंच माणूस झाडांतून बाहेर आला. बाबांचं नाव सुखदेव. त्यांना अरेतुरे करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. दामूकाकांनी नितीनला स्वतःचा शर्ट आणून दिला. तो त्याला गुडघ्यापर्यंत आला. यशूला उचलून त्यांनी झाडाखाली नेलं आणि फांदी वाकवून धरली. "तोड. जोर लाव." यशूनं दोन्ही हातांनी ओढलं, संत्रं देठासकट आलं आणि ती मागं बसली ती दामूकाकांच्या पायावर. "हे पोट्टी तं तुह्यावर गेली, सुख्या. ताकद पाह्य तिची." बाबा असे हसत होते की मला दोन दिवसांतला त्यांचा सगळा उत्साह समजला. मला दामूकाका आवडले. हे मी लपवणार नाही. पुढं जे झालं ते एखाद्या खडूस माणसाच्या घरी झालं असतं तर मला एवढा राग आला नसता.

काकूंनी गोवऱ्यांवर रोडगे भाजले होते. कणकेचे जाड गोळे, आत पदर सुटलेले, वरून तूप. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. घरासमोर झाडाखाली सतरंजी घातली होती. पत्रावळी आणि कागदी ग्लास. मला बरं वाटलं की काकूंना एवढी भांडी घासावी लागणार नाहीत. दामूकाकाही आमच्याच पंगतीला पत्रावळीवर बसले. पाणी मात्र ते आपल्या पितळी तांब्यातून पीत होते. म्हटलं, सवय असेल. मी काकूंना भाजीत काय घातलं ते विचारलं आणि त्यांनी सांगितलं, खसखस आणि सुकं खोबरं. चांगल्या बोलल्या. पाणी ओतताना म्हणाल्या, सकाळीच माठ भरलाय, थंडगार आहे. पुन्हा वाढायचा आग्रह केला. पत्रावळीवर वरून वाढत होत्या, हात लागणार नाही एवढ्या वरून, पण हे मला तेव्हा दिसलं नाही. आता दिसतं.

यशूचं जेवण झालं होतं. एका मांजरीच्या मागं ती घरात गेली. मी हातातला घास टाकून तिच्या मागं गेले, कारण दोन वर्षांचं मूल दिसेनासं झालं की आई जे जे वाईट असेल ते ते डोळ्यांपुढं आणते. विहीर आली, साप आला, विजेचं बटण आलं. ती आतल्या खोलीत होती. तिथं तिवईवर माठ होता, तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर. झाकण तिनं खाली टाकलं होतं. लांब दांड्याचा पाणी काढायचा डवला तिच्या हातात होता, त्यातलं अर्धं पाणी ती प्यायली होती आणि अर्धं पोटावर ओतत होती. मला बघून म्हणाली, "मी मी." मग डवला पुन्हा माठात बुडवला.

काकू माझ्यामागून आल्या. त्या ओरडल्या नाहीत. "अगं माय, आत कायले आली हे," एवढंच म्हणाल्या, आणि यशूच्या हातातून डवला काढून घेतला. दांड्याच्या टोकाला दोन बोटांनी धरून. मी काय केलं? मी म्हणाले, "सॉरी काकू, सगळं ओलं केलं हिनं." फडकं शोधून मी त्यांची फरशी पुसली. गुडघ्यांवर बसून पुसली. "ऱ्हाऊ द्या, लेकरू हाय, त्याले काय समजते," काकू म्हणाल्या. मी यशूला घेऊन बाहेर आले आणि पुन्हा जेवायला बसले.

पाच मिनिटांनी बाजूच्या दारातून काकू माठ घेऊन निघाल्या. भरलेला माठ त्यांना पेलवत नव्हता. तो त्यांनी संत्र्याच्या आळ्यात उपडा केला. सगळा. पाणी संपेपर्यंत धरून ठेवला. मग तो भिंतीशी पालथा घातला आणि चुलीतली राख घेऊन डवला घासायला बसल्या.

मी पत्रावळीकडे पाहिलं, कागदी ग्लासाकडे पाहिलं, दामूकाकांच्या तांब्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. ते भाजी खात होते. त्यांनी माझ्याही आधी पाहिलं होतं.

"काकू," मी बसल्या जागेवरून म्हणाले, "पाणी का ओतलं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "शिळं होतं."

"सकाळी भरलंय म्हणालात ना मघाशी? थंडगार आहे म्हणालात."

मग दामूकाका हळू आवाजात म्हणाले, "जाऊ द्या सूनबाई. जुनं मानूस हाय ते. तिले समजावून समजावून थकलो मी. आपुन थोडी मानतो असं काई."

"तुम्ही मानत नाही तर तुमचं पाणी वेगळ्या तांब्यात का आहे?"

हा प्रश्न मी विचारला तेव्हा माझा आवाज चढला होता. यशू घाबरून रडायला लागली. नितीननं फक्त माझं नाव घेतलं, "कविता." दामूकाका पत्रावळीकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. मी उठले, हात न धुता यशूला उचललं आणि फाटकाबाहेर चालत गेले. तिला मांजर हवी होती. ती माझ्या खांद्यावर मुठी मारत होती आणि मी चालत होते.

वळणावर एक बाभूळ होती, तिथं थांबले. थोड्या वेळानं नितीन आला. त्या गुडघ्यापर्यंतच्या शर्टात. मी विचारलं, "बाबा कुठे आहेत?"

"जेवतायत."

"जेवतायत?"

"पान सोडून उठू नये म्हणतात ते."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तुला माहीत होतं, तुम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि तुम्ही माझ्या मुलीला सजवून तिथं नेलंत, असं बरंच. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लहानपणी मी इथं यायचो ना, तेव्हा मोटारीच्या पाइपाला तोंड लावून पाणी प्यायचो. दामूकाका मोटार चालू करून द्यायचे खास. मला फार मजा वाटायची. घरातून पाणी का आणून देत नाहीत, हे आज सुचलं मला. आत्ता, माठ ओतताना." एवढं बोलून तो पाठ वळवून उभा राहिला. गणिताचा मास्तर, छत्तीस वर्षांचा.

त्याच्यावरचा माझा राग तिथंच संपला. बाकीचा नाही.

बाबा अर्ध्या तासानं गाडीतून आले. आम्ही बसलो. यशू झोपली.

परत घरी

आईंना मी सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हून तं मी जात नाही. नितीन पोटात होता तवापासून नाही गेली."

"गुडघे?"

"गुडघे आत्ता दुखून राहिले. तवा कुठं दुखत होते."

"मग मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगतलं असतं तं नेलं असतं का तू पोरीले? नितीनच्या बाबाले किती हौस होती नात दाखवायची." त्यांनी ताटातला खडा काढून बाजूला ठेवला. "मले वाटलं, लेकराले कोन काय म्हनते."

मी त्यांच्यावरही चिडले. आम्हाला वेगवेगळ्या घरी वेगवेगळ्या लोकांनी हे शिकवलं आहे की बोलायचं नाही, आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्यावर ओरडायची सोय नसते कारण ती आपलीच माणसं असतात. माझ्या आईनंही मला शिकवलं. नाशिकला माझी आई चाळीतल्या ज्या घरी हळदीकुंकवाला जायची नाही त्या घरचं नाव निघालं की तिचं डोकं दुखायचं. मला वीस वर्षं वाटत होतं की तिला अर्धशिशी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामूकाका आले. मोटरसायकलच्या मागं संत्र्यांचं क्रेट बांधलेलं. ते दर हिवाळ्यात आणतात, पण या वेळी त्यांच्याकडं वाळत राहिलेला नितीनचा शर्टही धुऊन, घडी घालून आणला होता. क्रेट सोडून त्यांनी ओट्यावर ठेवलं, बाबांनी शेजारी खुर्ची टाकली. "बस." काका बसले. मी दारात उभी होते, यशू माझ्या पायाशी. त्यांनी तिच्याकडे पाहून हात पुढं केला आणि मी तिला मागं ओढलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

"बायको रडून राहिली कालपासून," काका म्हणाले. "तिच्या मनात काई नोतं रे सुख्या."

बाबा म्हणाले, "असं."

तेवढ्यात आई आतून आल्या. त्यांच्या हातात स्टीलच्या ताटलीत पाण्याचा पेला होता, आमच्या रोजच्या वापरातला, काठाला चेपलेला. त्यांनी तो काकांच्या पुढं धरला.

"नको वयनी," काका म्हणाले, "आत्ताच पिऊन आलो."

आई हलल्या नाहीत. ताटली तशीच धरून म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाले भाऊ, तुमी आत्ताच पिऊन येता."

मी आईंना त्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. नितीननंही नसावं, तो आतून येऊन माझ्यामागं उभा राहिला. काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्यांना मदत केली नाही. मग काकांनी पेला उचलला. उचलला हे मी पाहिलं. छातीपर्यंत आणला. पाणी काठावरून त्यांच्या बोटांवर येत होतं. मला वाटलं, पितील. मला खरंच वाटलं की हा माणूस पाणी पिईल. आणि मी मनात म्हणाले की प्यायला तर मी कालचं सगळं सोडून देईन. काकूंचा माठ, माझं फरशी पुसणं, सगळं.

त्यांनी पेला खाली ठेवला. खुर्चीच्या पायाशी, ओट्यावर. "आज एकादशी हाय," म्हणाले.

एकादशी नव्हती. असती तरी पाण्याला काय झालं होतं.

बाबा उठले. ओट्यावरचं क्रेट त्यांनी उचललं, सहासष्ट वर्षांचे आहेत ते, नितीन पुढं झाला तर त्याला हातानं थांबवलं. मोटरसायकलच्या कॅरिअरवर ते क्रेट ठेवलं आणि काकांनी सोडलेली दोरी घेऊन बांधायला लागले. नीट बांधली, दोन फेरे देऊन, रस्त्यात पडू नये म्हणून ओढून पाहिली.

"दामू, संत्रे घेऊन जाय."

"सुख्या, असं नको करू बे."

"जाय," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "आनखीन येऊ नको."

काका गेले. शर्ट खुर्चीवर राहिला. आईंनी पेला उचलला आणि पाणी ओतून न टाकता घटाघटा पिऊन टाकलं. मग आत जाऊन कणीक मळायला घेतली. मला त्यांना मिठी मारायची होती, पण आमच्या घरात तशी पद्धत नाही. मी शेजारी बसून कोथिंबीर निवडली.

त्या दिवशी मी खूश होते. हे कबूल करायला हवं. मला वाटलं, माझ्या एका प्रश्नानं चाळीस वर्षांचं गळू फुटलं. दुपारभर मी नितीनला हेच सांगत होते. बाबा बाहेर पडले नाहीत. यशूनं त्यांचे बूट आणून पायाशी टाकले तरी नाहीत.

स्टेशन

निघायच्या दिवशी गाडी उशिरा होती. तिगावला एक मालगाडी अडकली म्हणे. नितीन यशूला घेऊन फलाटाच्या टोकाला इंजिन दाखवायला गेला, आई त्यांच्यामागं. बाबा आणि मी बाकावर बसलो. दोन दिवसांत आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो होतो.

"तू बोलली ते चूक नाई," बाबा म्हणाले. रुळांकडे बघत होते. "पन मले इचारून बोलाले पायजे होतं. दोस्त माहा होता."

मला ते लागलं. मी म्हणाले, "बाबा, अपमान माझ्या मुलीचा झाला. त्यासाठी मी कोणाला विचारायचं?"

"पोरीचा तवा झाला. माहा चाळीस वर्सं होऊन राहिला. मी पाहात होतो ना. मले दिसत नोतं का?"

"मग एवढी वर्षं का गेलात तिथं?"

बाबा म्हणाले, "चौथीत मास्तर मले दाराजवळ बसवत होते. खाली, तट्टावर. बाकी पोट्टे बाकावर. एक दिवस दामू आपलं दप्तर घेऊन आला आन् माह्याजवळ खाली बसला. मास्तरनं मारलं त्याले. घरी त्याच्या बापानं मारलं. तरी दुसऱ्या दिवशी येऊन बसला. वर्सभर बसला." त्यांनी बुटावरची धूळ हातानं झटकली. "दहा वर्साचा होता तो."

दहा वर्षांच्या त्या मुलाचा चेहरा मी दामूकाकांच्या चेहऱ्यात शोधायचा प्रयत्न केला आणि तो मला सापडला, हेच वाईट. फांदी वाकवून यशूला "तोड, जोर लाव" म्हणणारा माणूस तोच होता. पेला छातीपर्यंत आणणाराही तोच. मार खाऊन खाली बसणाऱ्या मुलाला पासष्टी ओलांडल्यावर एक पेला पाणी गिळता आलं नाही. मधल्या वर्षांत त्याला कोणी मारलं नव्हतं. फक्त लग्न झालं होतं, बगीचा झाला होता, गावात मान झाला होता.

गाडी आली. आईंनी डब्यात भाकऱ्या दिल्या, यशूच्या गालाचे मुके घेतले. बाबांनी तिला खिडकीतून आत दिलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मिरगात या. तिले पेरनी दाखवू." कुठल्या शेतात, ते म्हणाले नाहीत. त्यांचं स्वतःचं शेत नाही. पेरणी बघायला ते दर वर्षी मोहगावलाच जायचे.

नाशिकला येऊन तीन आठवडे झाले. लोक विचारतात, लहान मुलीला घेऊन एवढ्या लांब गेलात, त्रास झाला का. मी म्हणते, गाडीत ओकली एकदा. आई फोनवर सांगतात की बाबा बरे आहेत, सकाळी टाकीपर्यंत फिरून येतात, जेवण कमी झालंय. मला सगळे समजावतात की आता शांत हो. नितीन समजावत नाही, एवढं त्याच्यात बदललं आहे. मी शांत होत नाही. आधी माझा राग एका माठावर होता, तो सोपा होता. आता मला याचा राग आहे की चौथीतल्या एका मुलानं शेजारी बसावं, एवढी साधी गोष्ट माझ्या सासऱ्यांच्या वाट्याला आयुष्यात एकदाच आली, आणि ती एकदाच आली म्हणून तिच्या जोरावर त्यांनी चाळीस वर्षं अंगणात बसून जेवण गोड मानून घेतलं. अशी माणसं त्यांना दहा मिळायला हवी होती. मग त्यांतलं एक सोडताना त्यांचा हात असा जड झाला नसता.